परसदारचं नाव

"मीठ राहिलं," मी म्हणाले, आणि जेवायच्या टेबलावरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. दत्तात्रेयला वाटलं मी भाजीबद्दल बोलतेय. त्याने लोणच्याची बाटली पुढे सरकवली. पण माझा डबा अजून उघडलासुद्धा नव्हता. मी सिल्वेस्टरच्या मोबाइलमध्ये बघत होते. सिल्वेस्टर मार्टिस आमच्या बेलापूरच्या ऑफिसात नवा आलेला, मूळचा कोर्लईचा, आणि भाचीच्या बाप्तिस्म्याचा व्हिडिओ तो सकाळपासून जो भेटेल त्याला दाखवत होता. माझी पाळी जेवणाच्या सुट्टीत आली. पांढऱ्या फ्रॉकमधलं बाळ, त्याला आडवं धरून उभी असलेली बाई, जाड चष्म्याचे फादर. फादरनी बाळाच्या डोक्यावर पाणी ओतलं, पुन्हा ओतलं, तिसऱ्यांदा ओतलं. बाळाने पाय ताणले. ते आता पाय ताणणार, हे मला आधीच कळलं होतं. आणि त्याच क्षणी मला दिसलं, की माझा डावा हात टेबलावरून वर उचलला गेलाय. तळवा वर, बोटं जराशी वाकलेली, एक लहान डोकं मावेल एवढी खोलगट. हात माझाच होता, पण उचलला मी नव्हता. मी तो मुकाट्याने खाली घेतला आणि डब्याचं झाकण उघडायला लावला. सिल्वेस्टर म्हणाला, मीठ आता कुणी लावत नाही मॅडम, पूर्वी जिभेला लावायचे असं आमची आत्या सांगते, तुम्हाला कुणी सांगितलं? मी म्हटलं, कुठेतरी वाचलं असेल. मी असलं काही आयुष्यात वाचलेलं नाही. पण ऑफिसात सव्वीस वर्षं काढली की असं खोटं आपोआप तोंडात येतं. त्या दिवशी भाजीत मीठ बरोबर होतं, तरी जेवण झाल्यावरही जिभेच्या टोकावरचा खारटपणा जाईना. पाणी प्याले, चहा प्याले, बडीशेप खाल्ली. संध्याकाळी खारघरला घरी आले तरी तो तिथंच होता.

माझं नाव क्रांती. नागावच्या बौद्धवाडीत बहात्तर साली मुलीचं हे नाव ठेवणारा बाप काय चीज असेल, ते सांगायला नको. छप्पन साली आबा बारा वर्षांचे होते. घरातले टाक, शेंदूर फासलेले दगड, कुठल्या कुठल्या देवीची लाकडी पावलं, सगळं एका टोपलीत भरून आजोबा खाडीवर घेऊन गेले, तेव्हा टोपलीची एक कड आबांच्या हातात होती. ती किती जड होती ते आबा अजून सांगतात, आणि रिकामी टोपली घरी आणताना आपण कसे पळत आलो, तेही. आमच्या घरात काही उरलं नाही, हे त्यांचं आवडतं वाक्य. दुसऱ्याच्या घरी कोनाडा दिसला की आबा त्यात आधी डोकावून बघतात. मला लहानपणी याचा अभिमान होता. अजूनही आहे. वर्गातल्या मुली परीक्षेआधी कुठे कुठे नारळ ठेवायच्या तेव्हा मला वाटायचं, आपण कसे मोकळे. आपल्या डोक्यावर कुणी बसलेलं नाही.

एक गोष्ट मात्र उरली होती, आणि ती आबांच्या परवानगीने उरली होती. ती माझ्या आईबरोबर आली. आईचं नाव रखमा, माहेर खाडीपलीकडचं साळाव. तिच्या घरात मूल झालं की नाव ठेवायच्या दिवशी, माणसं जमायच्या आधी, आईची आई त्याला एकटीने परसदारी न्यायची. दार लोटून घ्यायची. डावा हात डोक्याखाली. जिभेला खडेमिठाचं नुसतं टोक. ओंजळीने तीनदा डोक्यावर पाणी. मग कानात एक नाव. बाहेर जे नाव ठरलेलं असेल ते नव्हे, दुसरं. ते पुन्हा कधी उच्चारायचं नाही, मुलालाही सांगायचं नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे हे आईकडून लेकीकडे चालत आलेलं. माझ्या वेळी आजीला परसदारी जाताना आबांनी बघितलं आणि घर डोक्यावर घेतलं. आजीने शांतपणे त्यांच्यापुढे वाटी धरली. बघ जावया, मीठ हाय, पाणी हाय, यात देव कुठं हाय ते दाव. आबांनी बराच विचार केला म्हणे. मीठ, पाणी, आणि एक शब्द. ना मूर्ती, ना भट, ना नवस. आबांनी ते पास केलं. पास करून थांबतील तर ते आबा कसले. पुढे त्यांनी त्याला एक इतिहासही मिळवून दिला. कुड्याची लेणी खोदली गेली तेव्हापासूनची ही आपली मूळ रीत, भिक्खूंनी आपल्या बायांना दिलेली, सगळं हिरावलं गेलं तरी आपल्या बायांनी जपलेली, असं ते बुद्धपौर्णिमेला भाषणात सांगायला लागले. माणसं माना डोलवायची. मीही डोलवलीय.

आई तीन वर्षांपूर्वी गेली. आता घरातली मोठी बाई मी, आणि येत्या रविवारी माझ्या मनालीच्या मुलीचं नामकरण. आबांना प्रवास झेपत नाही म्हणून नागावलाच करायचं ठरलेलं. मृणाल हे नाव मनालीने आणि जावयाने कधीच पक्कं केलेलं, कार्डंही छापून झालेली. मनाली बाळाला घेऊन आधीच नागावला गेली होती. सिल्वेस्टरचा व्हिडिओ बघितला त्याच रात्री तिचा फोन आला. आई, आजी करायची तसं तू करणार ना? मला ते हवंय हं. मी म्हटलं, तू इंजिनीअर ना गं, तुला कशाला ते? ती मग म्हणाली, आजी सांगायची, ते नाव मिळेपर्यंत पोर उघडं असतं, त्याला कुणीपण हाक मारू शकतं. इथे आल्यापासून बाळ सारखं माझ्या खांद्यावरून मागे बघत असतं, आई. मी मागे वळून बघते तर कुणी नसतं. मी तिला सांगितलं, या वयात बाळांना नीट दिसत नाही, उजेडाकडे बघतात. हे खरं आहे. डॉक्टरही असंच सांगतात. फोन ठेवल्यावर मात्र मी माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. मागे फ्रिज होता.

त्या आठवड्यात मला राग येत होता, आणि तो नक्की कुणावर काढावा ते कळत नव्हतं. अंघोळीला बसले की हाताची ओंजळ व्हायची आणि पाणी डोक्यावर तीनदाच पडायचं. चौथ्यांदा ओतायला मी हाताला भाग पाडायची. सिल्वेस्टर चांगला मुलगा आहे. शेवटी त्याला आमची रीत सांगितली, तर तो गमतीत म्हणाला, म्हणजे आपण कुठेतरी नातेवाईक निघणार मॅडम. मी हसले, आणि मग जागेवर येऊन मला घाम फुटला. नातं असेल तर ते कसलं असेल? लांबून गलबतांतून आलेले पोर्तुगीज शिपाई, आणि गावाबाहेर राहणाऱ्या आमच्या बाया. तिथे काय सनईचौघडे वाजले असतील? पाणी ओतताना त्या बाईला विचारलं असेल का, बाई, ओतू का? आबांनी टोपली उचलली ती स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मनाने. आमच्या घराण्यात कुणी स्वतःहून केलेली ती पहिलीच गोष्ट असेल. आणि त्या टोपलीत जे ठेवलंच गेलं नाही, ते हे. ते कोनाड्यात नव्हतंच. ते आमच्या हातात होतं. झडती घेणाऱ्याने घर तपासलं, माणसं कशी तपासणार? सुजितला, माझ्या नवऱ्याला, मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, बटाटाही त्यांनीच आणला, मिरचीही तीच माणसं घेऊन आली, तू काय आता मिरची सोडणार आहेस? त्याचं म्हणणं खोटं नाही. पण मिरची माझा हात उचलत नाही.

शनिवारी नागावला पोचले. मासळी आणायला रेवदंड्याला जाते असं सांगून निघाले, ती चौल, रेवदंडा मागे टाकून पूल ओलांडून थेट कोर्लईला गेले. सिल्वेस्टर सुट्टीला घरी आलाच होता. त्याची फिलोमिना आत्या पडवीत सुक्या कोलंबीचे सोडे निवडत बसलेली होती, आणि तो तिच्याशी त्यांच्या भाषेत बोलायला लागला. पोर्तुगीज गेले पण ही बोली तिथे राहिली, हे मी ऐकून होते. कानावर मात्र पहिल्यांदाच पडत होती. मला त्यातलं अक्षरही कळलं नाही. पण वाक्य कुठे संपणार ते मला प्रत्येक वेळी आधी कळत होतं. आत्या बोलायची, आणि ती थांबायच्या किंचित आधी माझा श्वास थांबायचा. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले. मग आत्या माझ्याकडे वळली आणि मराठीत म्हणाली, दाव कसं करता ते. मी रिकाम्या हवेत करून दाखवलं. डावा हात, मीठ, पाणी. ती हातातला सोडा तसाच धरून बघत राहिली. तिने सांगितलं, तिच्या आजीच्या आठवणीत सुइणी तुमच्यातल्या होत्या. पोर जगत नाही असं दिसलं की फादर येईपर्यंत थांबायचं नाही, सुइणीनेच पाणी घालायचं, तिला तेवढी मुभा होती. पुढे गोरे गेले, बरेचसे फादरही गेले, आपली माणसं इथेच राहिली, आणि सुइणी आपापल्या वाडीत परतल्या. आता पाणी घालायचं थांबवा म्हणून त्यांना कुणी सांगितलं नसेल, असं ती म्हणाली. मग तिने नावाचं विचारलं. मी सांगितलं, नाव कानात सांगतात आणि पुन्हा कधी घेत नाहीत.

"ते आमचं न्हाय गो," आत्या म्हणाली. "आमच्यात नाव मोठ्यानं घेतात, समद्यांनी ऐकावं म्हणून. मीठ आमचं हाय, पाणी आमचं हाय. कानात सांगून लपवायचं, ते तुमच्या बायांचं."

परतताना मी पुलावर उतरून थोडा वेळ उभी राहिले. भरती लागली होती. लपवायचं ते आमच्या बायांचं. आईने मला कधीतरी सांगितलं होतं ते तेव्हा आठवलं. तिच्या आजोबांचं नाव कचऱ्या होतं, चुलत आजोबांचं उकिरड्या. ती नावं घरच्यांनी ठेवलेली नव्हती. खोताच्या अंगणात मूल दाखवायला न्यायचं, खोताच्या तोंडाला येईल ते नाव. त्या नावाने चावडीवरून हाक आली की जेवणावरून उठून पळायचं. आई म्हणायची, पोराकडं एक तरी नाव असं हवं जे घेऊन कुणी हाक मारू शकत न्हाय. लहानपणी मला ती अंधश्रद्धा वाटायची. पुलावर मला रडू आलं, ते कशाचं ते मी सांगू शकते. त्या बायांना कुणीतरी दरडावून एक विधी शिकवला, आणि त्यांनी त्यातल्या मोठ्याने बोलायच्या जागी कुजबूज घातली. ना फादरला कळू दिलं, ना खोताला. मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. मीठ नको, पाणी नको, ज्यांचं त्यांना परत. मुलीला फक्त नाव द्यायचं. असा हिशोबी तोडगा निघाला की मला फार बरं वाटतं. मी सुरमई घेऊन घरी आले.

संध्याकाळी आबा ओट्यावर बसले होते. शेजारी चुलतभाऊ धम्मदीपचा होमस्टे आहे, तिथे पुण्याची पोरं गाणी लावून नाचत होती, आणि आबा त्यांच्याकडे कौतुकाने बघत होते. मी म्हणाले, आबा, ती मीठपाण्याची रीत कुड्याच्या लेण्यांची हे तुम्हाला कुणी सांगितलं? आबा म्हणाले, कुणी कशाला सांगायला हवं, आपल्याला दिसत नाही का? त्यांच्या मांडीवर उद्याच्या भाषणाचा कागद होता. म्हातारा माणूस, ऐंशीच्या घरातला. मी म्हटलं, दिसतं. उगीच नाही लपवत आम्हा बायांची जात, हे मनात आलं आणि मी आत गेले. बाळ मनालीच्या खांद्यावर होतं. ते माझ्याकडे बघेल असं वाटलं, पण त्याची नजर माझ्या कानाजवळून मागे गेली आणि तिथे स्थिर झाली. ती उजेडाची बाजू नव्हती.

रविवारी सकाळी अंगणात मांडव, बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्त्या, पांढऱ्या साड्या. माईकवाला हॅलो हॅलो करत होता. मनालीने बाळाला माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, वाटी आणि तांब्या ठेवलाय परसदारी. मी बाळाला घेऊन तिकडे गेले. दार लोटून घेतलं. मागे नारळाच्या झावळ्या, धुणं धुवायचा दगड, आणि इतका स्वच्छ उजेड की भीती वाटायला काही कारण नव्हतं. मी वाटीकडे पाठ केली आणि बाळाच्या कानाला तोंड लावलं. आईने सांगितलं होतं, नाव शोधायचं न्हाय, नाव तोंडात येतं. मी वाट बघितली. काही आलं नाही. माझ्या तोंडात जीभ होती, दात होते, सकाळचा चहा होता. नाव नव्हतं. मी डोळे मिटले. पाली गाथा आठवल्या, ऑफिसातल्या सगळ्या मुलींची नावं आठवली, आईचा चेहरा आठवला. तो चेहरा तोंड उघडत नव्हता. मला कळलं की हे आता माझ्यापाशी तुटणार. इतक्या बाया, कुणी अडाणी, कुणी उपाशी, कुणी मारून टाकलेल्या, त्यांनी पोचवलं आणि शिकलेल्या क्रांतीच्या हातून सांडलं. समजून घेतलं, आणि तिथेच आटलं. माईकवर आबांचा आवाज आला, ते लेण्यांपासून सुरुवात करत होते. आणि बाळ माझ्या खांद्यावरून मागे बघून हसलं. पहिलंच हसू, कुणीतरी बोलावल्यावर हसावं तसं.

मी घाबरले. घाबरले हे लिहायला मला लाज वाटत नाही. माझा हिशोब तिथेच संपला, आणि हातांनी आपलं काम सुरू केलं. डावा हात खोलगट होऊन डोक्याखाली गेला. खड्याचं टोक जिभेला लागलं, तिने तोंड वाकडं केलं. पाणी. पुन्हा पाणी. तिसऱ्यांदा पाणी, आणि तिने पाय ताणले. तिची नजर माझ्या मागून निघाली आणि सावकाश माझ्या तोंडावर आली. तरीही माझ्या तोंडात नाव नव्हतं. पाणी नाकात गेलं की काय म्हणून मी खाली वाकले, तिच्या ओठांशी कान नेला. ऊन श्वास लागला. आणि श्वासात शब्द होता. मी सव्वा महिन्याच्या मुलीबद्दल सांगतेय, हे मला कळतंय. त्या वयाची मुलं हुंकार देतात, हेही मला ठाऊक आहे. पण मला माणसाचा आवाज आणि हुंकार यातला फरक कळतो. दोन अक्षरं. ना मराठी, ना पाली. सिल्वेस्टरच्या आत्याच्या भाषेतलंही ते नसावं, कारण ते कुठे संपणार हे मला आधी कळलं नाही. आणि ते माझं होतं. बहात्तर साली असंच परसदारी आजीने माझ्या कानात ठेवलेलं, नंतर कुणीही न घेतलेलं. आजी गेली तेव्हा ते तिच्याबरोबर गेलं असं मी धरून चालले होते. बावन्न वर्षांत मला कुणी माझ्या नावाने हाक मारलीच नव्हती, हे मला तेव्हा कळलं. मी ओ दिली. माझ्या आवाजात नाही, लहान मुलीच्या आवाजात.

मग मला द्यायला तेवढंच होतं. मी तिच्या कानाला तोंड लावलं आणि ते तिला देऊन टाकलं. शेवटचं अक्षर ओठांवरून सुटलं तसं ते माझ्यातून गेलं, पूर्ण गेलं. मी तिथेच, त्याच पायावर उभी राहून ते आठवायचा प्रयत्न केला, आणि मला त्यातला पहिला आवाजसुद्धा सापडला नाही. बाळ शांत होतं. ते माझ्याकडे नीट बघत होतं, मागे कुठेही बघत नव्हतं. मी मागे वळून बघितलं नाही. आता तिकडून कुणी बघत असेल तर ते तिच्याकडे नसेल, हे मला कळत होतं. मी आता एकाच नावाची बाई होते, आणि ते नाव रेशनकार्डावर आहे, ऑफिसच्या दारावर आहे, साऱ्या वाडीला पाठ आहे. दारापलीकडून मनालीने विचारलं, दिलंस? मी हो म्हणाले. तिने दार ढकललं, बाळाला माझ्या हातातून घेतलं आणि मांडवाकडे गेली. माझे हात ओले होते. मी ते पदराला पुसत असताना मागच्या झावळ्यांमधून, अगदी जवळून, कुणीतरी म्हणालं, "क्रांती."